गणपतीला बघू म्हणणारे मालक

प्रश्न : वकीलकाका, नमस्कार. चिपळुणात जांभ्याच्या कौलारू घराच्या अर्ध्या भागात आम्ही नऊ वर्षं भाड्याने राहतो. भाडं महिना 6,000 रुपये. लेखी कागद नाही, पैसे दर महिन्याला मोबाइलवरून मालकांच्या खात्यात जातात. मालक डोंबिवलीला असतात. वानरांनी कौलं फोडली आहेत, दोन वासे वाळवीने खाल्लेत. गेल्या पावसात माजघरात पाच पातेली मांडून रात्री काढल्या, मुलाची दहावीची पुस्तकं भिजली. फोन केला की एकच, "गणपतीला आलो की बघतो." दोन गणपती गेले. आता म्हणतात, डागडुजी भाडेकरूनेच करायची ठरली होती. असं कधीच ठरलं नव्हतं. पलीकडच्या अर्ध्यात दुसरं बिऱ्हाड आहे, त्यांचंही भाडं तेवढंच, तिथेही गळतं. सुताराने पूर्ण छपराचे 26,000 सांगितलेत. भाडं देणंच बंद करू का?
— एक शिक्षिका

उत्तर : ताई, भाडं बंद करू नका. तुमचा राग रास्त आहे, पण भाडं थांबलं की कोर्टात छपराचं कोणी बोलत नाही, थकबाकीचंच बोलतात.

माझ्याकडे एक शिंपी आले होते, बाजारातल्या गाळ्याचे भाडेकरू. गाळा गळत होता म्हणून त्यांनी वर्षभर भाडं दिलं नाही. मालकाने लेखी मागणी केली, कायद्याप्रमाणे 90 दिवस थांबला आणि दावा लावला. समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत सगळी थकबाकी 15 टक्के व्याजासह भरली असती तर गाळा वाचला असता. मी विचारलं, न दिलेलं भाडं बाजूला ठेवलंय ना? ते गप्प. पैसे मुलीच्या लग्नात गेले होते. गाळाही गेला.

तुमच्यासाठी वेगळी वाट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मधलं कलम 14 सांगतं की उलट करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. तुम्ही किमान 15 दिवसांची लेखी नोटीस द्यायची. तरी वाजवी मुदतीत त्याने काम केलं नाही, तर तुम्ही करून घ्यायचं आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. मात्र एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपेक्षा जास्त नाही. तुमचं वर्षाचं भाडं 72,000, म्हणजे मर्यादा 18,000. एकट्याने 26,000 घातलेत तर त्या वर्षी 8,000 अंगावर राहतील.

म्हणून पलीकडच्या बिऱ्हाडाला आजच चहाला बोलवा. नोटीस दोघांच्या सह्यांनी जाऊ शकते आणि खर्च भाड्याच्या प्रमाणात वाटला जातो. भाडं सारखं, तर वाट्याला प्रत्येकी 13,000. चौथाईच्या आत. ते पैसे एकदम कापू नका. दरमहा 2,000 वळते करून 4,000 वेळेवर पाठवत राहा, साडेसहा महिन्यांत हिशेब मिटेल. भाडं चालूच आहे हे खात्यावर दिसलं पाहिजे.

"ठरलं होतं" याची धास्ती घेऊ नका. याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची. त्याने ती पाळली नाही, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं. उलट असेल तर मालकाने सिद्ध करावं. नऊ वर्षं कागद केला नाही, तो त्यांच्याच अंगाशी येतो. पण हा कायदा त्याच्या अनुसूचीत नोंदलेल्या ठिकाणीच चालतो, तेव्हा तुमचं घर त्या हद्दीत बसतं का हे आधी तिथल्या वकिलाकडून बघून घ्या. बसत नसेल तर 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम 108 आहे. मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने टाळली, तर ती करून खर्च वळता करता येतो. तिथे मात्र महिन्याच्या भाडेकरूला 15 दिवसांच्या नोटिशीवर घर सोडायला सांगता येतं, म्हणून जपून. (अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्या वाचकांनी हे उत्तर स्वतःला लावू नये. तुमचं नातं भाडेकरूचं नसतं, तुमचा करार काय म्हणतो ते वाचा.)

नोटिशीत फार लिहू नका. कुठली खोली, किती कौलं, कुठले वासे, सुताराचा अंदाज, आणि 15 दिवसांत काम सुरू न झाल्यास आम्ही करू व खर्च भाड्यातून कापू, एवढं पुरे. फोटो जोडा. पोहोच मिळेल अशा टपालाने पाठवा, वर मोबाइलवरही टाका. घर भावाभावांत सामाईक असलं, आपल्याकडे बहुधा असतंच, तर भाडं ज्यांच्या खात्यात जातं त्यांच्या नावे लिहून बाकीच्यांना प्रत द्या. नाहीतर आगोटीच्या घाईत एखादा धाकटा भाऊ उभा राहतो आणि म्हणतो, मला कोणी विचारलंच नाही.

आपला सुतार छापील पावती देणार नाही. साध्या कागदावर तारीख, काम, रक्कम लिहून त्याची सही घ्या, पैसे खात्यावरून द्या. भाडेकरूंनी ठेवलेला हिशेब आणि पावत्या या खर्चाचा निर्णायक पुरावा ठरतात, मालकाला तो मान्य करावा लागतो.

मृगाच्या तोंडावर सुतार हाती लागत नाही, म्हणून पत्र एप्रिलमध्येच टाका. आणि उतरवलेल्यातली धड कौलं कोणाला देऊन टाकू नका. ती मालकाची आहेत. मागच्या पडवीत रचून ठेवा, फोटो काढा.