पायली म्हणजे किती किलो?

प्रश्न: आईच्या ट्रंकेत आजीची हिशोबाची वही सापडली, तेव्हाचं बिऱ्हाड कराडला. सुरुवातीच्या पानांवर "ज्वारी ४ पायल्या, गूळ अच्छेर, चहा नवटाक, रॉकेल १ बाटली", पुढे रु. आणे. नंतर मात्र आण्यांच्या जागी "न.पै." येतं. वही कधीची असेल, आणि हे किलोत किती?

उत्तर: ताई, वही कधीची ते त्या न.पै.नेच सांगितलंय की! १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि १९६४ मध्ये त्यातलं 'नवे' गेलं, म्हणजे आण्यांची पानं बहुतेक ५७ च्या आधीची किंवा त्या सुमाराची (आणे लोकांच्या तोंडून आणि वहीतून लगेच थोडेच जातात), न.पै.ची त्यानंतरची.

गूळ-चहाचं सोपं आहे. ८० तोळ्यांचा शेर धरला तर ९३३ ग्रॅम, अच्छेर म्हणजे अर्धा शेर, साधारण ४६५ ग्रॅम, आणि नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग, ११७ च्या आसपास. पण गावोगावी शेर वेगळा असायचा, तेव्हा अंदाजच समजा.

पायलीचं तसं नाही, ते वजन नाहीच, माप आहे, ४ शेरांची एक पायली (हा शेर मापाचा, वरचा वजनाचा नव्हे), २ शेरांची अधोली, अर्ध्या शेराचं मापटं, त्यामुळे पायलीभर ज्वारी आणि पायलीभर चुरमुरे किलोत सारखे कसे येणार, शिवाय वाणी माप सपाट भरतोय की शीग लावून, म्हणजे वर ढीग करून, यावरून बायका तिथंच दुकानात हुज्जत घालायच्या आणि माझ्या मते बरोबरच होतं ते, शिगेतच मूठ-दोन मूठ दाणे इकडचे तिकडे व्हायचे. मेट्रिक वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली तरी घरात धान्य मोजायला मापटं राहिलंच.

एक गंमत बघा. आणा म्हणजे हिशोबानं सव्वासहा नवे पैसे, पण वरचा पाव पैसा देणार कुठून, म्हणून १ आण्याचे ६, २ चे १२, ३ चे १९ आणि ४ चे २५ असं ठरलेलं. म्हणजे एकेक आण्याची वस्तू तीनदा घेतली तर १८ मध्ये काम, तीन आण्यांची एकदम घेतली की एक पैसा जास्त! तुमच्या वहीत १९ चे आकडे सारखे दिसतायत का बघा.

आणि हो, पानं लॅमिनेट करू नका. मोबाईलवर फोटो काढा आणि वही सुती कापडात गुंडाळून ठेवा.