मोबाइल नाही, पट्टा काढून घ्या

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा मुलगा कार्ल पॅन्झ्राम नावाच्या अमेरिकन खुन्याबद्दल रात्र रात्र वाचत बसतो. वहीत जळणाऱ्या घराचं चित्र काढलंय. मोबाइल काढून घेतला, तरी फरक नाही. आमचं घर चांगलं आहे. मार्क कमी पडले की ह्यांचा पट्टा निघतो, तेवढंच. मुलगा हाताबाहेर जाईल का?

उत्तर : ताई, मी ‘तेवढंच’पाशी थांबले.

पॅन्झ्रामने २१ खून कबूल केले. १९२९ साली लेव्हनवर्थच्या तुरुंगात धोबीखान्याच्या मुकादमाला लोखंडी कांबीने ठार मारलं आणि पुढच्या वर्षी फासावर गेला. फाशी टळावी म्हणून धडपडणाऱ्यांवरच खेकसला. भयंकर माणूस, वादच नाही. पण ते जळणारं घर कुठलं, हे मुलाला विचारलंत? मी सांगते. मिनेसोटातल्या रेड विंगच्या सुधारशाळेत पॅन्झ्राम बारा वर्षांचा असताना गेला. तिथे मुलांना एका खोलीत नेऊन झोडपायचे. पोरं तिला ‘रंगाचं घर’ म्हणायची, अंगावर उठणाऱ्या रंगांमुळे. १९०५मध्ये त्याने ती जाळली. एवढ्या रक्ताळलेल्या आयुष्यातून तुमच्या मुलाने नेमकं हेच पान उचललं.

मार खाल्लेली सगळी पोरं खुनी होत नाहीत, तुमचाही होणार नाही. ती भीती सोडा. पट्टा निघतो तेव्हा तुम्ही कुठे असता? पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही. स्वयंपाकघरात, नळ सोडून?

आज जेवणं झाली की मुलासमोर नवऱ्याला सांगा, या घरात पुन्हा हात उठणार नाही. उठला तर मी याला घेऊन बाहेर पडेन. आवाज कापला तरी चालेल. तुम्हालाही त्यांची भीती वाटत असेल (वाटतच असणार), तर आधी भावाला बोलावून घ्या.

मोबाइल परत द्या. मग त्याला त्या डॉलरबद्दल विचारा. १९२८मध्ये वॉशिंग्टनच्या तुरुंगात पॅन्झ्रामला बेदम मारलं, तेव्हा हेन्री लेसर या तरुण पहारेकऱ्याने त्याला एक डॉलर पाठवला. आधी त्याला थट्टा वाटली, मग डोळे भरून आले. पुढे लेसरनेच आणून दिलेल्या कागद-पेन्सिलीने त्याने आपलं आयुष्य लिहून काढलं. तुमचा मुलगा वाचतोय ते मुळात तिथलंच.

तो लगेच बोलणार नाही. शेजारी बसून राहा.