एमबीबीएसचे गुण आले नाहीत, म्हणून पशुवैद्यक?

नीटचा निकाल लागल्यानंतरच्या आठवड्यांत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या कुटुंबांपैकी बरीच कुटुंबे थोड्याफार फरकाने एकच अडचण घेऊन येतात. मुलाला किंवा मुलीला मिळालेले गुण शासकीय महाविद्यालयातील एमबीबीएसला पुरत नाहीत, खासगी महाविद्यालयाचे शुल्क आवाक्याबाहेर असते, आणि त्याच गुणांवर बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. या पशुवैद्यक पदवीला प्रवेश मिळण्याची शक्यता दिसत असते. पालक विचारतात की आणखी एक वर्ष ड्रॉप घ्यावा का. मुले मात्र, आईवडील खोलीबाहेर गेल्यावर, आवाज खाली आणून वेगळेच विचारतात: नाइलाजाने तिकडे गेलो तर आयुष्यभर पस्तावणार नाही ना?

हा प्रश्न इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. त्यासाठी एका मुलीची हकिकत सांगते. तिला सायली म्हणू. तिचे नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, आणि अनेक भेटींतले बोलणे थोडक्यात आणले आहे.

सायलीचे वडील तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिक्षक आहेत. तिने नीट दोनदा दिली होती. दुसऱ्या वेळी ७२० पैकी तिचे गुण वाढले, परंतु फार नाहीत. वडिलांना तिसरा प्रयत्न हवा होता, आईला मुलीची झोप परत हवी होती, आणि सायलीला आपल्याला काय हवे आहे हेच कळत नव्हते. पहिल्या भेटीत ती म्हणाली, "मॅडम, व्हेटर्नरीला जायचा मला हक्कच नाही. ज्यांना लहानपणापासून प्राणी आवडतात त्यांनी जावं. माझं फक्त एमबीबीएस हुकलं म्हणून मी त्यांची जागा अडवणार."

हे बोलणे प्रामाणिक होते, म्हणूनच ते नीट तपासणे आवश्यक होते. माझ्या कामाचा आधार अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मांडलेला विचार आहे: माणसाला घडलेला प्रसंग जितका छळतो, त्याहून अधिक त्या प्रसंगावर त्याने स्वतःच दिलेला निकाल छळतो. सायलीने दोन निकाल दिले होते. एमबीबीएस हुकले म्हणजे मी हरले, हा पहिला. आणि हरलेल्या माणसाने दुसऱ्या वाटेला लागणे म्हणजे फसवणूक, हा दुसरा. त्यांना हात लावण्यापूर्वी तिला दोन वर्षांच्या कष्टांबद्दल मनसोक्त रडू देणे मला महत्त्वाचे वाटले. पालकांना हे अवघड जाते. निकालाच्या तिसऱ्या दिवशी ते मुलासमोर पर्यायांची यादी ठेवतात आणि मूल कशालाच होकार देत नाही म्हणून चिडतात. गेलेल्या गोष्टीचे दुःख व्यक्त झाल्याशिवाय पुढच्या गोष्टीकडे स्वच्छ नजरेने पाहता येत नाही, हे मी प्रत्येक कुटुंबाला सांगते, आणि ते बहुधा खरे ठरते.

पुढच्या एका भेटीत मी तिला विचारले, "समज, उद्या तुला एमबीबीएसची जागा मिळाली. अट एवढीच, की तू डॉक्टर झालीस हे कुणालाही कळणार नाही. नावाआधी 'डॉ.' लागणार नाही, गावात सत्कार होणार नाही, बाबांना शाळेत सांगता येणार नाही. रोज सकाळी जाऊन काम मात्र करायचं. घेशील ती जागा?"

हा प्रश्न मी बरीच वर्षे वापरत आले आहे. पदवीभोवती मान, नाते, पैसा आणि अपेक्षा यांची इतकी गर्दी असते की त्यात प्रत्यक्ष काम कुठे दिसतच नाही. ती गर्दी क्षणभर बाजूला केल्यावर जे उरते, त्याबद्दल मुलाला काय वाटते, हे या प्रश्नातून कळते. काही मुले तत्काळ "हो, घेईन" म्हणतात, रुग्णांबद्दल बोलू लागतात, आणि त्यांच्या बाबतीत आणखी एका प्रयत्नाचा विचार मीही गांभीर्याने करते.

सायली बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोलले नाही. अशा शांततेत घाईने शब्द भरणे हे समुपदेशकाने टाळलेच पाहिजे, कारण समोरची व्यक्ती त्या वेळी खरोखर काम करत असते. मग ती सावकाश म्हणाली, "मॅडम, डॉक्टर सकाळी जाऊन नक्की काय करतात, हे मी कधी बघितलंच नाही. मी फक्त ओपीडीच्या बाहेर बाकावर बसलेय."

"आणि जनावरांचे डॉक्टर?"

"तेही नाही. आजोबांच्या गोठ्यात यायचे ते, पण तेव्हा आम्हा मुलांना आत घरात पाठवायचे."

दोन वर्षे ज्या दोन वाटांच्या तुलनेत ही मुलगी पोळत होती, त्यांपैकी एकीवरही तिने पाऊल ठेवलेले नव्हते. ती दोन नावांची तुलना करत होती. दोन कामांची तुलना अजून सुरूच झाली नव्हती. हे मी तिला सांगितले नाही, तिनेच पुढच्या दहा मिनिटांत स्वतःला सांगितले. तिच्या चेहऱ्यावरचा ताण त्या दिवशी पहिल्यांदा सैल झालेला मी पाहिला, कारण 'मी हरले' याच्या जागी 'मला माहीत नाही' हे वाक्य आले होते. अज्ञानावर उपाय करता येतो.

उपाय साधा होता. तिच्या गावाजवळच श्रेणी-१चा पशुवैद्यकीय दवाखाना होता. तेथील पशुधन विकास अधिकाऱ्यांना, म्हणजे सरकारी पशुवैद्यांना, वडिलांनी विनंती करावी, आणि तिने काही दिवस सकाळी तेथे केवळ पाहत उभे राहावे, असे ठरले. मी तिला एकच सूचना दिली: प्राणी आवडतात की नाही याचा विचार करू नकोस, डॉक्टर काय विचारतात, काय पाहतात आणि कशावरून ठरवतात, तेवढे लक्षात ठेव.

ती परत आली तेव्हा खुर्चीत बसण्यापूर्वीच बोलू लागली. दोन दिवसांपूर्वी व्यायलेली एक म्हैस उठत नव्हती. मान वळवून पोटाशी टेकवलेली, कान थंड पडलेले. पाय घसरून कंबर मोडली असावी, असे मालकाचे म्हणणे होते. डॉक्टरांनी विचारले, कितवे वेत, किती दूध देते, खाद्य काय, शेण कधी टाकले, वार पडली का. मग अंगाला हात लावून पाहिला, थर्मामीटर लावला, छातीशी स्टेथोस्कोप धरला. निदान झाले ते रक्तातील कॅल्शियम उतरल्याचे. अधिक दूध देणाऱ्या जनावरात व्यायल्यानंतर पहिल्या तीन दिवसांत ही स्थिती प्रामुख्याने दिसते. शिरेतून कॅल्शियम अगदी हळूहळू सोडायचे आणि त्या वेळी हृदयाचे ठोके सतत ऐकत राहायचे, कारण घाई केली तर हृदयच बंद पडू शकते. तासाभरात म्हैस उठली.

"मॅडम, म्हशीने काहीच सांगितलं नाही. मालकाने सांगितलं ते चुकीचं होतं. तरी त्यांना कळलं," ती म्हणाली. "मी फिजिऑलॉजीत कॅल्शियमचं सगळं पाठ केलं होतं. ते कशासाठी असतं हे आत्ता कळलं."

दुसरा प्रसंग तिने दबक्या आवाजात सांगितला. एका शेतमजूर बाईने आजारी शेळी आणली होती. उपचार शक्य होते, पण ते अनेक दिवस चालणार होते, बाहेरून औषधे आणावी लागणार होती, आणि शेळीच्या किमतीच्या मानाने तो खर्च त्या बाईला झेपणारा नव्हता. ती शेळी घेऊन परत गेली. सायलीला त्या रात्री जेवण गेले नाही. मी तिला धीर देण्याची घाई केली नाही. या व्यवसायात रुग्ण एक आणि निर्णय घेणारा दुसरा असतो, आणि अनेकदा जनावर वाचवता येते की नाही यापेक्षा ते वाचवणे घराला परवडते का, यावर गोष्ट थांबते. असाध्य वेदनेतील प्राण्याला दयामरण देण्याची जबाबदारीही पशुवैद्यावर येते. मी विचारले, "हे पुन्हा पुन्हा बघावं लागेल. चालेल?" ती म्हणाली, "आवडणार नाही. पण मला तिथून पळून जावंसं वाटलं नाही. त्या बाईशी डॉक्टर नीट बोलले, ते मला शिकायचंय."

त्या संपूर्ण भेटीत तिने एमबीबीएसचा उल्लेख एकदाही केला नव्हता. हे मी तिच्या लक्षात आणून दिले, तेव्हा ती प्रथम दचकली आणि मग हसली. एखाद्याचे मन कशात रमते, हे त्याला विचारून क्वचितच कळते. तो कशाबद्दल न विचारता बोलत राहतो, हे ऐकावे लागते.

येथे प्राणीप्रेमाबद्दल थोडे. माझ्याकडे सायलीच्या उलट प्रकारची मुलेही येतात, विशेषतः पुण्या-मुंबईकडची, ज्यांना कुत्र्या-मांजरांचा अतोनात लळा असतो आणि म्हणून व्हेटर्नरीच करायचे असते. ही ओढ मोलाची आहे, परंतु पुरेशी नाही. अभ्यासक्रमात गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी, वन्यप्राणी हे सारे येते. शवविच्छेदन करावे लागते, सार्वजनिक आरोग्याचा भाग म्हणून कत्तलखान्यातील मांसतपासणी शिकावी लागते, गाभण तपासणीसाठी खोड्यातल्या गाईच्या गुदाशयात खांद्यापर्यंत हात घालावा लागतो. शाकाहारी घरातील मुलांनी हे आधीच माहीत करून घेतलेले बरे. तेव्हा प्रेम असलेल्यांनाही मी त्याच दवाखान्याचा रस्ता दाखवते. प्रेम पुष्कळदा काम करता करता येते, आणि आधीपासून असलेले प्रेम काही वेळा पहिल्याच आठवड्यात कोलमडते.

वडिलांशी झालेली भेट छोटी होती. ते म्हणाले, "मॅडम, स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत आहे मुलगी मेडिकलला जाणार म्हणून. आता काय सांगू?" हे उघडपणे बोलायला धैर्य लागते, आणि मी तसे त्यांना म्हटलेही. मग विचारले, "सर, तिसऱ्या वर्षी गुण वाढतील, हे कशावरून? यंदा काय वेगळं करणार?" त्यांनी क्लास बदलण्याचे सांगितले. क्लास मागच्या वर्षीही बदललेला होता, हे त्यांचे त्यांनाच आठवले.

ड्रॉपचा निर्णय घेणाऱ्या प्रत्येक घराने हा प्रश्न स्वतःला विचारावा. आजारपण, घरातील मोठा प्रसंग, एखाद्या विषयाचा अभ्यासच न झालेला असणे, अशी गुण अडवणारी ठोस कारणे असतील आणि ती दूर झाली असतील, तर आणखी एक प्रयत्न योग्य ठरू शकतो. नीटला आता वयाची वरची मर्यादा नाही आणि प्रयत्नांचीही नाही. म्हणजे परीक्षा तुम्हाला कधीच थांबवणार नाही. थांबायचे कुठे, हे घराला ठरवावे लागते, आणि ते निकाल लागण्यापूर्वी ठरलेले असावे.

वडिलांना भविष्याची माहितीही हवी होती, ती मी दिली. पदवी साडेपाच वर्षांची आहे आणि त्यात एका वर्षाची इंटर्नशिप येते. पुढे लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी होता येते, दूध संघ, कुक्कुटपालन आणि लस-औषध कंपन्यांत काम मिळते, शहरांत पाळीव प्राण्यांची स्वतंत्र प्रॅक्टिस करता येते, सैन्यात रिमाउंट व्हेटर्नरी कोअर आहे, आणि संशोधनाची ओढ असल्यास बरेलीजवळच्या इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था आहे. २०२२मध्ये गुरांमधील लम्पी त्वचारोग राज्यभर पसरला, तेव्हा गावोगावी लसीकरण करत फिरणारी माणसे कोण होती, हे शेतीशी नाते असलेल्या या शिक्षकाला वेगळे सांगावे लागले नाही.

अर्जाबाबत मात्र दरवर्षी चांगल्या मुलांची संधी केवळ गैरसमजामुळे जाते, म्हणून स्पष्ट लिहिते. एमबीबीएस, बीडीएससाठी सीईटी कक्षाकडे नोंदणी केली म्हणजे पशुवैद्यकचा अर्ज झाला, असे अनेकांना वाटते. तसे नाही. राज्यातील जागांसाठी नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे, म्हणजे माफसूकडे, स्वतंत्र अर्ज करावा लागतो. अखिल भारतीय कोट्यातील १५ टक्के जागांसाठी भारतीय पशुवैद्यक परिषदेकडे आणखी वेगळी नोंदणी असते. दोन्हींचे वेळापत्रक निरनिराळे असते, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. शेजाऱ्याच्या मुलाच्या दोन वर्षांपूर्वीच्या आठवणीवर विसंबू नये. नीटच्या गुणांखेरीज बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असावे लागतात, आणि खुल्या प्रवर्गाला त्यांत ५० टक्के गुण लागतात. अधिवास, जात वैधता आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्रे निकालापूर्वीच काढून ठेवावीत. पसंतीक्रम भरताना १८८६ साली परळला सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाचे नाव अनेकजण डोळे मिटून वर लिहितात. त्याची परंपरा मोठी आहेच, तथापि ज्याला मोठ्या जनावरांत काम करायचे आहे त्याने नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ यांचाही तितक्याच गंभीरपणे विचार करावा, कारण आजूबाजूच्या गोठ्यांतून येणारे रुग्ण हाही शिक्षणाचाच भाग असतो.

सायलीने दोन्ही अर्ज भरले, आणि पसंतीक्रम लिहिताना गोठे जवळ असलेली महाविद्यालये वर ठेवली. तिला राज्याच्या फेरीत जागा मिळाली. पहिल्या सत्रात तिचा फोन आला होता. मैत्रिणींचे पांढऱ्या कोटातले फोटो पाहून तिला पुन्हा रडू आले होते, आणि आपला निर्णय चुकला असावा अशी शंका तिला वाटत होती. तेव्हा तिला जे सांगितले, तेच या वाटेवर निघालेल्या इतरांनाही सांगते: जुने दुःख पहिल्या वर्षात अधूनमधून वर येते, आणि केवळ ते वर आल्याने निर्णय चुकीचा ठरत नाही. निर्णय तपासायचा असेल तर फोटोंवरून तपासू नये. अभ्यास, जनावरांजवळचे तास आणि तिथे आपले लक्ष किती टिकते, यांवरून तपासावा, आणि तेवढ्यासाठी किमान एक पूर्ण वर्ष द्यावे. सायलीला त्या वेळी शरीररचनेची तोंडी परीक्षा तोंडावर होती, त्यामुळे उरलेले बोलणे गाईच्या चार कप्प्यांच्या पोटाबद्दल झाले.