‘द टॉवरिंग इन्फर्नो’मधल्या रॉजर सिमन्सबद्दल थोडी तरी सहानुभूती वाटायला हवी का?

मला वाटते. पण पिक्चरमधल्या एका ठरावीक जागेपर्यंतच. आधीच सांगून टाकतो, मी कोल्हापुरात गेली बावीस वर्षं इलेक्ट्रिकची कामं घेतो. पिक्चर बघणारे सगळे ज्याला शिव्या घालतात तो सिमन्स वायरिंगवाला, म्हणजे आमच्याच बिरादरीतला आहे, तेव्हा माझं मत त्या हिशेबानं घ्या.

बघितला नसेल त्यांच्यासाठी: पिक्चर १९७४चा. सॅन फ्रान्सिस्कोत १३८ मजल्यांची नवी कोरी इमारत, उद्घाटनाची पार्टी १३५व्या मजल्यावर आणि आग ८१व्या मजल्यावरच्या स्टोअर रूममध्ये. कारण वायरिंग. आर्किटेक्टनं (पॉल न्यूमन) सांगितलेला माल सोडून हलका माल घातलेला असतो. घालणारा सिमन्स, म्हणजे इमारतीचा मालक डंकन याचा जावई. रिचर्ड चेंबरलेननं तो असा रंगवलाय की आग लागायच्या आधीच त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटते. बायकोशी तुसडा, तोंडात गुर्मी, आणि पुढं पुढं हातात ग्लास.

तरीपण सासरा जाब विचारतो तो सीन परत बघा. सिमन्सचं म्हणणं साधारण असं की, खर्च कमी करा म्हणून मागं तुम्हीच लागला होता, तो कुठून कमी झाला असं वाटलं तुम्हाला? आणि वर, मी केलं ते नियमात बसणारंच आहे. यातलं ‘नियमात बसणारं’ ही आमच्या धंद्यातली जुनी पळवाट, ती सोडून द्या. पण पहिल्या प्रश्नाला डंकनकडं उत्तर नसतं. माझ्या मते अख्ख्या पिक्चरमधला सगळ्यात खरा डायलॉग तो आहे, आणि तो सगळ्यात नालायक माणसाच्या तोंडी दिलाय.

मला तो झोंबतो त्याला कारण आहे. धंद्यात नवा होतो तेव्हा बायकोच्या मामांनी शहराबाहेर मंगल कार्यालय बांधलं. काम घरातच राहू दे म्हणून मला दिलं. एसीच्या लाइनला मी चार स्क्वेअर एमएमची वायर लिहिली होती. मामांनी एस्टिमेट बघितलं, चहा मागवला आणि म्हणाले, “जावईबापू, भिंतीत गेल्यावर कोण बघतंय?” परक्या गिऱ्हाइकाला मी नाही म्हटलं असतं. जावयाला ते जमत नाही. मी अडीचची, म्हणजे बारीक वायर ओढली.

दोन वर्षं काही झालं नाही. मग मे महिन्याच्या लग्नसराईत सगळे एसी एकदम चालायला लागले आणि वीस अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप लाइन तोडणारा स्विच) सारखा पडायला लागला. कुणीतरी हुशारी करून तिथं बत्तीसचा बसवला. लोकांना वाटतं एमसीबी एसी वाचवायला असतो. तो वायर वाचवायला असतो. वायर बारीक आणि एमसीबी मोठा झाला, की पडायचं सोडून तो बघत बसतो आणि वायर तापत राहते. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट. एका जेवणावळीत बोर्डातून जळका वास आला, पंगत उठवायला लागली. नशिबानं एवढ्यावरच भागलं. तिथं, पाहुण्यांसमोर, मामा म्हणाले, “कॉन्ट्रॅक्टरनं हात मारला, दुसरं काय!” मी बोलणार काय? वायर मीच ओढली होती. सगळी लाइन पदरच्या पैशानं बदलून दिली.

म्हणून सिमन्स निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. आमच्या हातातून वायर जाते, तिथं नाही म्हणायची शेवटची संधी आमचीच असते. पण आर्किटेक्ट सांगतोय तरी पार्टी थांबवायला नकार देणारा डंकनच, आणि ८१व्या मजल्यावरची आग वर येणार नाही असं धरून पाहुण्यांना बसवून ठेवणाराही तोच.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं तेव्हा खासबागेच्या बाजूला गर्दीत मीही होतो. १९१५ सालचं, शाहू महाराजांनी बांधलेलं थिएटर. बाप्ये रडत होते. आणि ज्वाळा खाली यायच्या आतच शेजारी कुणीतरी म्हणालं, “एकाला धरून आत टाकला पाहिजे.” कुणाला, ते त्यालाही माहीत नव्हतं. एक माणूस मिळाला की बरं वाटतं, एवढंच.

पिक्चरनंही तेच केलंय, आणि माझी सहानुभूती संपते ती इथं. समोरच्या इमारतीपर्यंत दोर बांधून एकेकाला पाळण्यासारख्या खुर्चीतून सोडत असतात, नंबर लावलेले असतात. सिमन्स नंबर मोडून घुसतो. त्याला अडवायला गेलेला सिनेटर फुकट मरतो, हाही मरतो. त्या धक्काबुक्कीला माझ्याकडं माफी नाही. पण लिहिणाऱ्यांनी त्याला तिथं मुद्दाम भेकड केला असं मला नेहमी वाटतं. तो जिवंत खाली आला असता तर सासऱ्याला विचारलेला प्रश्नही त्याच्याबरोबर खाली आला असता. आता डंकन शेवटी मुलीजवळ हताश बसतो आणि आपल्याला त्याचीच दया येते.

गेल्या दिवाळीत हा पिक्चर मी मामांना मोबाइल टीव्हीला जोडून दाखवला. मुद्दामच. सिमन्स खाली पडला तसे मामा सुपारी कातरता कातरता म्हणाले, “बरं झालं. तसंच पायजे त्याला.”