वाचकांचे प्रश्न: पीआरचे (कायम राहण्याच्या परवान्याचे) महिने नक्की कुठून मोजायचे?

मागच्या वेळी जर्मनीतल्या ब्लू कार्डबद्दल, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्याबद्दल, सहज चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग लागला. निम्म्या लोकांची अडचण एकच आहे, म्हणून आज तीच नीट सोडवू, बाकीचे थोडक्यात.

प्रश्न: ताई, मी पुण्याचा, फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने ऑनसाइट पाठवलं म्हणून स्टुटगार्टला आलो. १ जुलै २०२४ ला इथल्याच कंपनीत लोकल कॉन्ट्रॅक्टवर लागलो, ब्लू कार्ड मिळालं. जर्मन भाषेची बी-वन परीक्षा पास आहे. सगळे म्हणतात बी-वन असलं की २१ महिन्यांत पीआर. मला येऊन साडेतीन वर्षं झाली तरी परवान्याच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या अजून वेळ आहे. मुद्दाम अडवतात का हे लोक?

उत्तर: नाही रे, या वेळी त्या बाईंचंच बरोबर आहे. तू विमानातून उतरल्यापासूनचे महिने मोजतोयस आणि त्या इथल्या पेन्शनमध्ये पैसे भरल्याचे महिने मोजतायत. २१ महिने म्हणजे ब्लू कार्डवाली नोकरी करत इथल्या पेन्शन विम्यात, म्हणजे रेंटनफेर्झिशरुंगमध्ये, हप्ता भरलेले २१ महिने. फक्त ए-वन, म्हणजे भाषेची सुरुवातीची पातळी, असेल तर २७.

आता गंमत बघ. भारत आणि जर्मनीत सोशल सिक्युरिटीचा करार आहे, १ मे २०१७ पासून लागू. त्यामुळे डेप्युटेशनवर येणाऱ्याचा पीएफ भारतात चालू राहतो, कंपनी पीएफ ऑफिसकडून कव्हरेज सर्टिफिकेट घेते आणि ४८ महिन्यांपर्यंत जर्मन पेन्शन भरावी लागत नाही. तेव्हा आपण सगळे खूश असतो, कारण पगाराचे ९.३ टक्के वाचतात (तेवढेच कंपनीचेही वाचतात, म्हणून तीही खूश). पण पीआरच्या हिशोबात तो सगळा काळ शून्य. वर तू तेव्हा बहुतेक आयसीटी कार्डावर (कंपनीअंतर्गत बदलीचा परवाना) असणार, म्हणजे ब्लू कार्डही नव्हतं. कुणी सांगेल की कुशल कामगारांसाठी ३ वर्षांचा दुसरा रस्ता आहे, त्यातून कर, तर त्यातही आयसीटीचा काळ धरत नाहीत आणि तिथेही पेन्शनचे ३६ महिने लागतातच.

म्हणजे तुझं घड्याळ १ जुलै २०२४ ला सुरू झालं. तिथून २१ महिने मोज, मार्च २०२६ चा हप्ता भरला की झाले. मध्ये नोकरी सुटून बेकारभत्त्यावर राहिलास तर ते महिने यात धरत नाहीत, तेवढं पुढे सरकेल.

आत्ता करायचं काम एकच, पेन्शन विम्याकडून स्वतःचा फेर्झिशरुंग्सफेरलाउफ मागवून घे. कुठल्या महिन्यात कुणी किती भरलं याची यादी असते ती, फुकट मिळते, पोस्टाने घरी येते. मी माझ्या वेळी पे स्लिपांची जाडजूड फाइल घेऊन गेले होते, तीन वर्षांच्या, रंगीत विभाजक वगैरे लावून, आणि समोरच्या माणसाने ती उघडलीसुद्धा नाही, म्हणाला यादी कुठाय. यादी नव्हती. परत टर्मिन (ऑफिसात भेटीची ठरलेली वेळ) मिळायला चार महिने गेले, आणि टर्मिन म्हणजे काय प्रकार असतो ते तुला सांगायला नको.

राहिली लेबेन इन डॉइचलांड (जर्मनीतलं जीवन) टेस्ट, म्हणजे इथले कायदे आणि समाज यांची परीक्षा, ती ब्लू कार्डवाल्यांनाही सुटत नाही. ३३ प्रश्न, एक तास. प्रश्न आधीच जाहीर आहेत, ३०० सगळ्या देशासाठी आणि १० तुमच्या राज्याचे, त्यामुळे आठवडाभर लोकलमध्ये, सॉरी एस-बानमध्ये, बसून पाठ केले तरी होतं. १७ बरोबर आणायचेच असं ठरवून बस, म्हणजे पुढे नागरिकत्वाला तोच कागद चालेल. पीआरच्या अर्जाची फी ११३ युरो.

प्रश्न: माझं ब्लू कार्ड पुढच्या महिन्यात संपतंय, पीआरचा अर्ज ऑनलाइन भरलाय, टर्मिनचा पत्ता नाही. दिवाळीला नाशिकला जायचं तिकीट काढलंय. जाऊ का?

उत्तर: अर्ज कार्ड संपायच्या आत पोचला असेल तर तुमचा जुना हक्क निर्णय लागेपर्यंत चालू धरला जातो, नोकरीसकट. पण विमानतळावर तोंडी सांगून भागत नाही, त्यासाठी फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा कागद लागतो, तो ऑफिसकडे आत्ताच मेल करून मागा. हातात आला की त्यावर खूण कुठल्या चौकोनात आहे ते बघा. जुना परवाना चालू असल्याचा चौकोन असेल तर बाहेर जाऊन परत येता येतं, पहिल्यांदाच अर्ज केलेल्यांचा चौकोन असेल तर नाही. कागद नसताना जाऊ नका, फराळ इथेच करा, चकली भाजणी मिळते हल्ली.

प्रश्न: वडील साताऱ्याला एकटे आहेत, ऑपरेशन आहे, मला आठ-नऊ महिने जाऊन राहावं लागेल. पीआर मिळालाय म्हणून निश्चिंत होते, पण मैत्रीण म्हणते पीआर जाईल. मग ब्लू कार्ड असलेली ती वर्षभर जाऊन आली ती कशी?

उत्तर: तुमची मैत्रीण बरोबर बोलतेय, आणि हा नियम ऐकला की सगळ्यांना उलटा वाटतो. ब्लू कार्डवाल्याला सलग १२ महिने बाहेर राहता येतं, पण पीआर, म्हणजे नीडरलासुंग्सएरलाउब्निस, हातात आला की ती मुदत ६ महिन्यांवर येते. साताऱ्याला सातवा महिना लागला की पीआर आपोआप रद्द, कुणी नोटीस पाठवत नाही. त्यामुळे निघायच्या आधी, नंतर नाही, ऑफिसला लेखी अर्ज द्या की अमुक कारणाने जास्त काळ जातेय, मुदत वाढवून द्या. हॉस्पिटलचे कागद इंग्रजीत घ्या, शक्य तर जर्मन भाषांतरही जोडा. लेखी होकार हातात येईपर्यंत सहा महिन्यांच्या आतलंच परतीचं तिकीट ठेवा. आणि घर सोडताना कुणाच्या सल्ल्याने आबमेल्डुंग (पत्त्याची नोंद रद्द) करू नका, भाडं वाचेल पण कायमच्या गेलात असा अर्थ निघाला तर सहा महिनेसुद्धा मिळत नाहीत. कुणाला तरी पत्र उघडायला सांगून जा.

तुम्हाला इथे पाच वर्षं झाली असतील तर युरोपियन युनियनवाला कायम परवाना मागता येतो, तो आधी ब्लू कार्ड असलेल्यांना युनियनबाहेर सलग २४ महिन्यांपर्यंत राहू देतो. दोन म्हातारी माणसं गावाकडे असलेल्या प्रत्येकाने खरं तर हाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, पण ऑफिसात कुणी आपणहून सुचवत नाही.

प्रश्न: मिस्टरांना ब्लू कार्डवरून पीआर मिळाला, मी डिपेंडंट, तीन वर्षं झाली. मला आपोआप मिळेल ना?

उत्तर: आपोआप नाही. मार्च २०२४ पासून अशा जोडीदाराला ५ ऐवजी ३ वर्षांत मिळू शकतो, पण तुमची स्वतःची आठवड्याला किमान २० तास नोकरी हवी आणि बी-वन हवं. मिस्टरांचं ए-वनवर भागलं असेल, तुमचं नाही भागणार. हो, अन्याय आहे, मला माहितीये. क्लास लावा.

प्रश्न: पीआर घेतला की भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो का? सासूबाई फार काळजीत आहेत.

उत्तर: सासूबाईंना सांगा, पासपोर्ट भारतीयच राहतो, मतदानाचा हक्कही राहतो. जर्मन नागरिकत्व घेतलं तरच भारतीय जातं. जर्मनीने जून २०२४ पासून दोन नागरिकत्वं चालवून घेतली, पण भारत चालवून घेत नाही, म्हणून तेव्हा ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड. पीआरच्या कार्डावर 'उनबेफ्रिस्टेट' (बेमुदत) लिहिलेलं असूनही खाली तारीख असते ती बघून घाबरू नका, ती फक्त प्लास्टिकच्या कार्डाची. पासपोर्ट रिन्यू झाला की कार्डही नवीन करून घ्यायचं, आणि त्यासाठी, अर्थातच, टर्मिन.