बुश गाडीचे गेलेत, एफडी का मोडताय?

मुलुंडहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३९, गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, ५२ हजार किलोमीटर. स्पीडब्रेकरवर पुढून खडखड, ब्रेक मारला की डावीकडे ओढते, टायर आतल्या बाजूने खातेय, वर्षात तीनदा अलाइनमेंट केलं तरी महिन्याभरात परत तेच. गॅरेजने ३८ हजारांचं एस्टिमेट दिलंय, शोरूमवाला जुनीचे दोन लाख देतोय, तर १२.८ लाखांची नवी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेऊ का? १.८ लाख रोख, ९ लाख लोन, सात वर्षं. आणि जाता जाता एक ओळ: "रोख एफडीतून देईन, तीन लाखांची होती, त्यातले १.२ लाख बँकेतल्या मॅडमनी १२ टक्के गॅरंटीड स्कीममध्ये टाकले, फाइल १२ दिवसांपूर्वी घरी आली, पाच वर्षांनी ते काढून कार लोन संपवेन."

गाडीचं आधी उरकतो. तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं लोअर आर्मच्या, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला खालून जोडणाऱ्या दांड्याच्या, बुशची आहेत. बुश म्हणजे दोन लोखंडांच्या मधलं रबर, धक्का खाणारं. गाडी कमी चालली तरी ते ऊन, ऑइल आणि वयाने तडकतं, वर आपले एलबीएस रोडचे खड्डे. रबर सैल झालं की ब्रेक मारताना चाक जागचं हलतं, म्हणून गाडी ओढते, आणि म्हणूनच अलाइनमेंट टिकत नाही. बुश न बघता तीनदा अलाइनमेंटचे पैसे घेणाऱ्या गॅरेजचं कौतुकच आहे. ३८ हजारांत चारही शॉकॲब्सॉर्बर धरलेले दिसतात, ते ऑइल गळत नसतील तर राहू द्या. दोन्ही लोअर आर्म, स्टॅबिलायझरचे लिंक आणि बुश, मजुरी, शेवटी अलाइनमेंट, माझ्या हिशोबाने दहा-बारा हजारांत बसायला हवं. तुम्ही ऑफिसला लोकलने जाता, गाडी शनिवार-रविवारची. रजिस्ट्रेशन २०३२ पर्यंत आहे. विकायचं कारणच नाही.

आता त्या स्कीमकडे येऊ. पहिल्या पानाचा फोटो जोडलात ते फार बरं केलंत, कारण ती एफडी नाही आणि १२ टक्केही नाही, ती इन्शुरन्स पॉलिसी आहे. वर्षाला १.२ लाख, १२ वर्षं, म्हणजे १४.४ लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी ३० लाख घ्यायचे. "डबल" ऐकायला छान वाटतं, पण पैसा सरासरी साडेचौदा वर्षं अडकतो, त्यात दुप्पट म्हणजे जेमतेम पाच टक्के. हेच हप्ते पीपीएफमध्ये सध्याच्या ७.१ ने गेले तर त्याच वर्षी ४० लाखांच्या आसपास होतात. १२ हा आकडा मॅडमनी बहुतेक हप्त्याच्या वर्षांवरून उचलला असावा! आणि पाच वर्षांनी काढायला गेलात तर भरलेले सहा लाखसुद्धा पूर्ण हातात येतील असं समजू नका, कार लोन संपवणं तर लांबच.

महिन्याचं गणित तुम्हीच लिहिलंय पण बेरीज केली नाहीत. हातात ८५ हजार, घरखर्च ४५, होमलोन २४, उरले १६. पॉलिसीचे महिन्याला दहा हजार आणि साडेनऊ टक्क्यांनी कारचा हप्ता १४,७००, झाले पंचवीस. दर महिन्याला नऊ हजार कमी, आणि एफडी शून्य. "इन्क्रिमेंट होईल" हे उत्तर मला नको, ते झाल्यावर सांगा. घरात कमावणारे तुम्ही एकटे, होमलोन बाकी २२ लाख, आणि या पॉलिसीचं कव्हर १२ लाख! उद्या काही झालं तर घराचं कर्जही फिटत नाही हो.

म्हणून शोरूमआधी हे करा. फाइल हातात आल्यापासून ३० दिवसांचा फ्री लुक, म्हणजे पॉलिसी परत करायची मुदत असते, तुमचे १८ उरलेत. इन्शुरन्स कंपनीच्या ब्रँचमध्ये लेखी अर्ज द्या, बँकेत नाही, कॉपीवर शिक्का आणि तारीख घ्या, ईमेलही करा. स्टॅम्प ड्युटी, मेडिकल आणि तेवढ्या दिवसांचं कव्हर कापून बाकी पैसे परत येतात. मॅडमचा फोन येईल, "सर थोडं थांबा, मी बघते" म्हणतील, आणि हे बघणं बरोबर ३१ व्या दिवसापर्यंत चालतं. पॉलिसी देण्याआधीच्या व्हेरिफिकेशन कॉलवर सगळ्याला हो म्हणालात असं ऐकवलं तरी घाबरू नका, फ्री लुकला त्याने फरक पडत नाही.

पैसे आले की परत एफडीत. एक कोटीचा साधा टर्म प्लान, म्हणजे नुसता जीवनविमा, घ्या, सिगारेट नसेल तर वर्षाला पंधरा-वीस हजार, जुने आजार फॉर्ममध्ये लपवू नका. उरलेल्यातून पीपीएफ.

शोरूमची ऑफर रविवारी संपतेय म्हणता, संपू दे, गणपतीत परत येईल. रविवारी गाडी मिस्त्रीकडे न्या आणि समोर उभे रहा. आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना फायनल टाईट करू देऊ नका, चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावरच करायला सांगा, नाहीतर नवं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं आणि वर्षभरात पुन्हा खडखड.