रशियन बान्यात, म्हणजे वाफेच्या स्नानगृहात, सगळे खरंच विवस्त्र बसतात का? पहिल्यांदा जाताना काय सांभाळावं?

हो, सार्वजनिक बान्यात पुरुष आणि बायकांचे विभाग वेगळे असतात आणि आत कपडे नसणं अगदी साधी गोष्ट मानतात. मॉस्कोचं १८०८ सालचं सांदुनी हे स्नानगृहही त्याला अपवाद नाही. मिश्र मंडळी एकत्र असली तर मात्र पोहण्याचे कपडे किंवा चादर.

डोक्याला लोकरी नमद्याची टोपी हवीच. विनोदी दिसते, पण वर साठलेल्या उष्णतेपासून डोकं वाचवते. बसायला स्वतःची चादर, पायात रबरी चपला. अंगठी, साखळी काढून ठेवा. धातू तापून चटका बसतो.

खरी गंमत वाफेत आहे. तापमान साधारण ६० ते ८० अंश, हवा दमट. तापलेल्या दगडांवर गरम पाणी थोडं थोडं टाकतात. दगड पुरेसे तापलेले नसताना बदाबदा ओतलं, की वाफ जड, ओलसर होते आणि जीव गुदमरतो. अंगावर हलके मारायची बर्च झाडाच्या वाळक्या डहाळ्यांची जुडी, म्हणजे वेनिक, आधी गार, मग गरम पाण्यात भिजवतात. थेट उकळतं पाणी ओतलं तर पानं झडतात.

पहिली फेरी ५ मिनिटांची, खालच्या फळीवर. मग गार पाणी आणि विश्रांती. दारू नको. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.